देब्रे मार्कोसची पद्धत

घाटपांडे सर एकच शब्द ओरडले आणि हॉटेलातले दहा जण उभे राहिले.

त्यातले नऊ इथिओपियाचे विद्यार्थी होते. कोपऱ्यातल्या लांब टेबलावर त्यांचं रविवारचं जेवण चाललं होतं. विद्यार्थी म्हणजे अगदी पोरं नव्हेत. पीएचडी करणारी, दोघांची तर दाढी पिकायला लागलेली. सगळे हातातला घास हातातच धरून ताठ उभे. वेटर बीडचा होता, पन्नाशीचा, आणि तो आधीपासूनच उभा होता. आपण आता काय करावं हे न सुचून तो बसला.

दहावा मी. त्या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. पण सरांचा आवाज चढला की उभं राहायचं, एवढं मी गेल्या तीन महिन्यांत शिकलो होतो. मला त्यांच्या मुलीशी लग्न करायचं होतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, पुण्यात एका जाहिरात कंपनीत साबण आणि लोणच्यांबद्दल चांगलं लिहायचो, आणि शलाका घाटपांडेचं माझ्याशी पक्कं ठरलं होतं. फक्त तिच्या वडिलांचं ठरायचं होतं. सर गणिताचे शिक्षक, निवृत्त. कोणी मुलगा घरी यायचा असला की ते स्वतः स्वयंपाकघरात जाऊन पोह्यांत दुसऱ्यांदा मीठ घालायचे. मग बशी पुढे करून शांतपणे विचारायचे, "कसे झालेत?" जो छान म्हणाला, तो बाद. शलाकाने मला हे आधी सांगितलं नाही, कारण तिलाही ते माहीत नव्हतं. तिची समजूत अशी, की पाहुणे आले की आईचा हात थरथरतो.

मी छान म्हणालो. वर आणखी मागितले. दुसरी बशी संपवून "आईच्या हातच्या पोह्यांची आठवण झाली" असंही म्हणालो. हे माझ्या आईला कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सरांचा निकाल त्याच संध्याकाळी शलाकाकडून आला. मुलगा थापाड्या आहे. खारट पोह्यांना जो छान म्हणतो, तो उद्या आणखी कशाकशाला छान म्हणेल याचा नेम नाही. मी शलाकाला म्हटलं, एवढ्यावरून माणूस जोखतात का? ती म्हणाली, बाबा सख्ख्या धाकट्या भावाशी अठ्ठ्याऐंशी सालापासून बोलत नाहीत. त्याने फोनवर गाडी वेळेवर आहे असं सांगितलं होतं आणि ती चाळीस मिनिटं उशिरा आली होती.

बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही, हे तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांना दुखवून सुखात राहायला आपल्याला जमायचं नाही, असं तिचं म्हणणं. आता तिने एक तारीख दिली. मे महिन्यात आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. त्या दिवशी बाबा खुशीत असतात. तेव्हा शेवटचं एकदा विचार. नाही म्हणाले, तर हा विषय आपण दोघांनी पुन्हा काढायचा नाही.

मग मी कामाला लागलो. माणसाला खूश करायचं तर त्याचा अभिमान कुठे आहे ते शोधावं लागतं. सरांच्या बाबतीत शोधायला कष्ट पडले नाहीत. बहात्तर साली लग्न झालं आणि महिन्याभरात सर कुमुदकाकूंना घेऊन इथिओपियाला गेले. देब्रे मार्कोस नावाच्या गावी सरकारी शाळेत सात वर्षं गणित शिकवलं. घरात कुठलाही विषय निघाला, तरी तो तीन वाक्यांत देब्रे मार्कोसला पोचायचा. पाणीकपात असो, निवडणूक असो, गुडघेदुखी असो. आणि तिथून पुढे सरांच्या अम्हारिकवर. सर ती भाषा मातृभाषेसारखी बोलायचे. एकदा रस्त्यात दरोडेखोरांनी बस अडवली, तेव्हा सरांनी त्यांना अशा काही शुद्ध अम्हारिकमध्ये सुनावलं, की दरोडेखोरांनी सरांची बॅग स्वतः उचलून टपावर नीट बांधून दिली. अख्खं खानदान हे मानत होतं. खानदानात दुसऱ्या कोणाला अम्हारिक येत नसल्यामुळे मानायला अडचण नव्हती. या गोष्टी चालू झाल्या की कुमुदकाकू दूध बघायला आत जायच्या. त्या घरात दूध फार वेळा बघितलं जायचं.

विश्रांतवाडीला एका बंगल्याच्या तळमजल्यावर त्सेहाय नावाच्या बाईचं इथिओपियन हॉटेल आहे असं मला कळलं. नवरा इथे मातीवर पीएचडी करत होता. गावाकडच्या आठवणी काढणाऱ्या त्याच्या मित्रांना जेवू घालता घालता हिने हॉटेलच काढलं. मी जाऊन भेटलो. तिचं हिंदी मोडकं होतं, माझंही फार धड नाही, त्यामुळे आमचं छान जमलं. मी सांगितलं, मोठे विद्वान गृहस्थ येणार आहेत, तुमची भाषा त्यांना तुमच्याहून चांगली येते. त्यांच्याशी हिंदीत एक अक्षर बोलायचं नाही. फक्त अम्हारिक. त्यांना फार आनंद होईल. त्सेहायचे डोळे भरून आले. पुण्यात पाच वर्षं राहून तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारा भारतीय माणूस तिला भेटला नव्हता.

मी चूक केली ती एवढीच. या कथेत सर्वांवर विश्वास ठेवणारा एकटा मीच होतो.

रविवारी दुपारी एक वाजता आम्ही चौघं पोचलो. सरांनी कोट घातला होता. मे महिना होता, पण आफ्रिकेचा विषय असला की सर कोट घालायचे. काकू अंजिरी साडीत, नेहमीसारख्या गप्प. त्सेहाय दारातच उभी होती. तिने दोन्ही हातांनी सरांचा हात धरला आणि बोलायला सुरुवात केली. त्यांच्याकडे नमस्कारच लांबलचक असतो. तब्येत कशी, रात्र कशी गेली, मुलंबाळं कशी, गुरंढोरं कशी, असं एकेक विचारतात आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं असतं. ती विचारत गेली. सर ऐकत गेले. ती थांबली. सर म्हणाले, "हं."

तिने आणखी काही विचारलं. सर पुन्हा म्हणाले, "हं," पण या वेळी जरा खालच्या पट्टीत.

मग आमच्याकडे वळून त्यांनी खुलासा केला, की बाईंचे उच्चार फार उत्तरेकडचे आहेत, त्यामुळे कानाला थोडा वेळ लागतो. मी त्सेहायला हिंदीत हळूच विचारलं, तुम्ही कुठल्या? ती उत्साहाने म्हणाली, देब्रे मार्कोसच्या शेजारच्या गावची, बसने वीस मिनिटं.

शलाकाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत चांगलं होतं.

टेबलावर बसलो, तर एकच परातीएवढं मोठं ताट आलं. तळाला जाळीदार, आंबट वासाची, आंबोळीसारखी एक भलीमोठी पोळी अंथरलेली, ती इंजेरा. तिच्यावर मसूर, कोबी, बटाटा, पालक यांचे ढीग. चौघांनी एकाच ताटातून जेवायचं. सर ताटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वेटरला चमचा मागितला. वेटर म्हणाला, इथं चमचा नसतो साहेब. तोवर कुमुदकाकूंनी उजव्या हाताच्या तीन बोटांनी इंजेराचा तुकडा काढून, त्यात मसूर गुंडाळून, एक थेंब न सांडता तोंडात टाकलासुद्धा. मी ते पाहिलं आणि मला कुठेतरी काहीतरी कळलं. पण नीट कळायच्या आत त्सेहाय टाळ्या वाजवत मधे येऊन उभी राहिली.

भाषणाची कल्पनाही माझीच. सरांनी अम्हारिकमध्ये दोन शब्द बोलावेत, असं मी तिच्याशी ठरवून ठेवलं होतं. तिने त्या नऊ विद्यार्थ्यांना काहीतरी सांगितलं, ते सगळे आदराने सरांकडे वळून बसले. एकाने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं. शलाका माझ्या कानाशी पुटपुटली, की आत्ताच्या आत्ता वीज घालवता येत असेल तर घालव.

सर उठले. कोटाची बटणं लावली. घसा खाकरला. कपाळावर घामाचे थेंब होते. एवढा उंच, ताठ माणूस, पण त्या क्षणी तोंडी परीक्षेला आलेल्या मुलासारखा दिसत होता. मला प्रथमच त्यांची दया आली, आणि माझी स्वतःची त्याहून जास्त. कारण हा माणूस आज इथे पडला, तर पाडणारा मी होतो.

आणि सर ओरडले.

"तेनेसू!"

नऊ विद्यार्थी उभे राहिले, वेटर बसला, मी उठलो. हे मी सांगितलंच आहे. आम्ही सगळे उभे राहिल्यावर सरांचा चेहरा उजळला. तीस-पस्तीस वर्षांनी त्यांना त्यांचा वर्ग सापडला होता.

"कुच बेलू!" सर म्हणाले. सगळे बसले. खुर्च्यांचा एकदम आवाज झाला.

"झिम बेलू!" सर म्हणाले. पसरत चाललेली कुजबुज थांबली. आतल्या खोलीत रेडिओ चालू होता, तोही कोणीतरी बंद केला.

एवढ्यावर सरांचं अम्हारिक संपलं.

हे आम्हाला हळूहळू कळलं. उठा, बसा, गप्प बसा. शाळेत गणित इंग्रजीतून शिकवायचं असे, आणि बाकी सात वर्षं या तीन आज्ञांवर निघाली होती. आता अख्खं हॉटेल गप्प बसलं होतं आणि पुढच्या आज्ञेची वाट बघत होतं. ती माणसं लहानपणी शाळेत हेच ऐकत वाढलेली. गुरुजींनी बोला म्हटल्याशिवाय बोलायचं नसतं, हे हाडात गेलेलं. आणि 'बोला'ला काय म्हणतात हे सरांना माहीत नव्हतं. त्यांना ते शाळेत कधी लागलंच नव्हतं.

अर्धं मिनिट गेलं असेल. एका विद्यार्थ्याला ठसका आला, तो त्याने दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं तरी दाबून धरला. सर उभेच होते. त्यांची नजर आमच्या टेबलावर आली, शलाकावरून माझ्यावर, माझ्यावरून काकूंवर.

कुमुदकाकूंनी रुमालाला बोटं पुसली. बसल्या जागेवरूनच, मान जराशी वळवून, त्या लांब टेबलाला उद्देशून सावकाश चार-पाच शब्द बोलल्या.

हॉटेल फुटलं. सगळे एकदम हसले, टाळ्या पिटायला लागले, ठसकेवाला पोटभर खोकून घेऊ लागला. त्सेहाय तोंडावर हात धरून काकूंकडे बघत राहिली आणि मग धावत येऊन खाली त्यांच्या खुर्चीशी बसली. दोघींचं बोलणं सुरू झालं. बोलणं कसलं, धबधबाच. मी काकूंना गेल्या तीन महिन्यांत 'चहा घेणार?' आणि 'पुन्हा या' याच्या पलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. इथे त्या हातवारे करत होत्या, कोणाची तरी नक्कल करत होत्या, मधेच भुवई उडवत होत्या.

शलाकाचं तोंड उघडं होतं. तिने विचारलं, आई, तू काय म्हणालीस त्यांना?

"वर्ग सुटला, म्हटलं," काकू म्हणाल्या.

मग थोडं थोडं बाहेर आलं. सर सकाळी शाळेत जायचे. काकू एकवीस वर्षांच्या, परक्या मुलुखात, दिवसभर घरी एकट्या. शेजारच्या बायका कॉफीला बोलवायच्या. त्यांच्याकडे कॉफी म्हणजे दाणे भाजण्यापासून तीन फेऱ्या, अर्धा दिवस. बाजारहाट काकूंचा, घरमालकाशी भांडण काकूंचं, टपालवाल्याशी गोडीगुलाबी काकूंची. सात वर्षं त्या भाषेत राहिल्या होत्या आणि तेहेतीस वर्षं त्यातलं अवाक्षर न काढता दूध बघत होत्या.

सर खाली बसले होते. कोटाची बटणं काढली, पुन्हा लावली.

"मीच शिकवलं तिला," ते म्हणाले.

काकूंनी कोबी घेतला. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. कोबीची चौकशी करावी तशा त्याच्याकडे बघत राहिल्या.

आणि मग सर माझ्याकडे वळले. त्यांना तिथून कोणाकडे तरी वळायलाच हवं होतं.

"काय ढगे," ते म्हणाले. "कसं वाटलं आमचं अम्हारिक?"

मी मराठीतला एक किरकोळ लेखक आहे, जाहिरातीतला का होईना. प्रश्न ओळखायला मला वेळ लागत नाही. समोर बशी आली होती. छान म्हटलं, तर मी पुन्हा तोच थापाड्या. खरं बोललो, तर लग्नाच्या चाळीसाव्या वाढदिवशी, बायकोमुलीसमोर, त्या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मी मोडणार. शलाका टेबलाखाली माझ्या पायावर पाय देऊन होती. हो म्हणायला देतेय की नाही म्हणायला, हे पायावरून कळत नव्हतं.

"जरा खारट होतं, सर," मी म्हणालो.

शलाकाचा पाय निघाला. काकूंच्या हातातला घास तोंडाच्या अलीकडे थांबला.

सरांचे कान लाल झाले. आधी उजवा, मग डावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एखाद्या चुकीच्या उत्तराची रीत बरोबर निघाली की पाहतात तसं. मग ताटातला मसुराचा ढीग बोटाने माझ्या बाजूला जरासा सरकवला.

"जेवा," ते म्हणाले.

याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना. शलाकालाही कळत नव्हतं. आम्ही जेवलो. विचारायचं ठरवून आलो होतो, पण आता कोणत्या तोंडाने विचारणार? माणसाला खारट म्हणून झाल्यावर लगेच त्याची मुलगी मागता येत नाही, मधे निदान कॉफी तरी यावी लागते. आणि आज नाही विचारलं तर विषय संपलाच होता.

त्सेहायला यातलं काहीच माहीत नव्हतं. आज लग्नाचा वाढदिवस आहे, असं मी तिला सांगितलं होतं आणि तिला वाढदिवस व्हायला हवा होता. तिने सरांना खुणेने सांगितलं, बायकोला घास भरवा. त्यांच्याकडे ही प्रेमाची पद्धत; समोरच्याला आपल्या हाताने घास द्यायचा, घास जेवढा मोठा तेवढं प्रेम जास्त, आणि नाही म्हणायचं नाही. सर इकडेतिकडे बघायला लागले. हे काय आता, या वयात, चारचौघांत. पण विद्यार्थ्यांनी ताल धरला, तेव्हा त्यांनी इंजेराचा एक कपटा फाडला आणि त्यात बटाट्याची एक फोड ठेवली. विद्यार्थी निराशेने ओरडले. सरांनी दोन केल्या. मग भूमितीत सवलत नाही असं काहीसं पुटपुटत मुठीएवढा घास वळला आणि काकूंच्या तोंडात कोंबला. काकूंना दोन मिनिटं बोलता येईना. डोळे मात्र हसत होते.

घास उतरल्यावर काकूंनी स्वतः एक वळला. चांगला टेनिसच्या चेंडूएवढा. सर तोंड उघडून तयार झाले. काकूंचा हात त्यांच्यावरून पुढे आला आणि घास माझ्या तोंडात गेला.

मी नाकाने श्वास घेत ते चावत असतानाच त्सेहाय बाहेरून घाईघाईने आत आली. ती कधी बाहेर गेली होती ते आम्हाला कळलं नव्हतं. सरळ काकूंकडे जाऊन ती भरभर काहीतरी सांगू लागली. सांगताना माझ्याकडे बोट दाखवत होती. एकदा नाही, तीन-चारदा. बाहेर कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं, त्यामुळे तिला आवाज चढवावा लागत होता.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. मग पदर सारखा करून सरांकडे वळल्या.

"अहो, ती म्हणतेय, मुलीच्या आईने परक्या मुलाला भरल्या ताटावर घास भरवला, की तो परका राहत नाही. त्यांच्याकडे तिथंच ठरलं असं धरतात. मग बापाने मोडायची पद्धत नाही. मला आता नीट आठवत नाही. देब्रे मार्कोसला असंच होतं ना? तुम्हाला तर सगळं माहीत."

शलाका हलली नाही. माझ्या तोंडात अजून टेनिसचा अर्धा चेंडू होता, म्हणून मीही हललो नाही.

सरांनी त्सेहायकडे पाहिलं. तिने मान जोरजोरात हलवून पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं आणि दाराकडे हात केला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं, बराच वेळ. बाहेरचा हॉर्न वाजतच होता.

"हो," सर म्हणाले. "तशी पद्धत आहे."

त्यांना ते अपुरं वाटलं असावं.

"फार कडक पद्धत आहे," ते म्हणाले. "एकाने मोडली होती, त्याला गाव सोडावं लागलं."

शलाका रडायला लागली. काकू म्हणाल्या, नाक पूस, ताटात पडेल. त्सेहाय आमच्या तोंडांकडे बघत थोडा वेळ थांबली, मग हात झटकून विद्यार्थ्यांच्या टेबलाकडे गेली. तिने त्यांना काहीतरी सांगितलं आणि ते नऊच्या नऊ उठून बाहेर गेले. तिथून एक-दोन-तीन म्हटल्यासारखा आवाज आला. हॉर्न थांबला. पाच मिनिटांनी ते हात झटकत परत आले आणि प्रत्येकाने माझी पाठ थोपटली. मला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत, परक्याच्या लग्नाचा केवढा आनंद.

मग कॉफी झाली. त्सेहायने समोर दाणे भाजले, धूर सगळ्यांना हुंगायला दिला, छोट्या कपांतून तीन फेऱ्या दिल्या. तिसऱ्या फेरीला आशीर्वाद म्हणतात, हे काकूंनी सांगितलं. तिसऱ्या फेरीला सरांनी मला पहिल्यांदा 'अरे तुषार' म्हटलं. निघताना बाहेर पाहिलं तर माझी पांढरी गाडी मी जिथे लावली होती तिथून चार फूट उजवीकडे, भिंतीला चिकटून उभी होती. आनंदात माणसाला असं वाटतं, असं मी मनाशी म्हटलं आणि उजव्या दाराने आत शिरता येईना म्हणून डावीकडून शिरलो.

डिसेंबरात आमचं लग्न झालं.

परवा, म्हणजे बारा वर्षांनी, काकूंबरोबर मेथी निवडत बसलो होतो. आता त्या मला बरंच काही सांगतात. बोलता बोलता मी म्हटलं, ती घासाची पद्धत फार भारी होती, कोणीतरी त्यावर लिहायला पाहिजे. काकूंनी एक जुडी संपवली. मग म्हणाल्या, अशी काही पद्धत नाही रे. त्सेहाय सांगत होती, की बाहेरची पांढरी गाडी या मुलाची असेल तर त्याला काढायला सांगा, गॅसचा टेम्पो आत येत नाहीये.

मी हातातली मेथी खाली ठेवली. मग उठून बाहेरच्या खोलीत गेलो. एवढी मोठी बातमी सरांना सांगण्याचा मान मी दुसऱ्या कोणाला देणार नव्हतो. सर आता ऐंशीला टेकलेत. खिडकीशी बसून पेपरातलं आकड्यांचं कोडं सोडवत होते. मी सगळं सांगितलं. पद्धत खोटी, गॅसचा टेम्पो खरा, तुम्ही फसलात.

सरांनी एक आकडा भरला.

"मेकीना म्हणजे गाडी," ते म्हणाले. "एवढं येतं मला. तिने चारदा म्हटलं. शिवाय हॉर्न वाजत होता."

मी विचारलं, मग तुम्ही हो का म्हणालात?

सरांनी पेन्सिलीचं टोक तपासलं.

"कुमुद चाळीस वर्षांत माझ्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती," ते म्हणाले. "म्हटलं, आता बोलतेय, तर मुलगा बरा असणार."